पेपरात आलेला आजा

यवतमाळात कुणाच्या घरचा म्हातारा गेला की तेरवी आटोपल्यावर दोन माणसं त्या घराची पायरी चढतात. एक वकील आणि दुसरे राऊत काकाजी. वकिलाला बोलवावं लागतं. काकाजी आपणहून येतात, पडल्या चेहऱ्यानं बसतात, गेलेल्या माणसाच्या दोन चांगल्या गोष्टी सांगतात, चहा घेतात आणि कपबशी खाली ठेवता ठेवता विचारतात, "माळ्यावर जुने पेपर-गिपर ठेवले व्हते का दादानं? साफसफाई करसान त फेकू नका बरं. मले दाखवल्याबिगर काहीच फेकू नका."

त्या पेपरांतून त्यांना एकच हवं असतं : राऊत. कुठलाही राऊत. बैल हरवलेला, मॅट्रिक पास झालेला, गणपतीला आठ आणे वर्गणी दिलेला, फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, कोणीही चालतो.

असा माणूस फक्त यवतमाळातच होतो असं नाही. कुठे त्याचं आडनाव जाधव असतं, कुठे पवार, कुठे इंगळे. मी ज्यांना राऊत काकाजी म्हणतोय ते खरं तर दोन-तीन गावांतल्या दोन-तीन जणांचे मिळून झालेले आहेत. आडनाव तेवढं हात न लावता ठेवलं, कारण ते काढलं तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

काकाजी पोस्टमन होते. उभी नोकरी दारव्हा-दिग्रस या पट्ट्यात गेली आणि राऊत या आडनावाची पहिली धास्ती त्यांना तिथेच बसली. एकदा एक पोस्टकार्ड आलं, त्यावर नुसतं 'श्री. राऊत यांस, मु. पो. दारव्हा'. काकाजी ते घेऊन निघाले. पहिल्या राऊतांनी कार्ड वाचलं, "आमचं नाई" म्हणून परत दिलं. दुसऱ्यांनी दोनदा वाचलं, पाठवणाऱ्याच्या अक्षराला नावं ठेवली आणि परत दिलं. तिसऱ्या घरी तर ओसरीवर बसवून त्यांनी उत्तरही लिहून दिलं. पोरीच्या सोयरिकीचं कार्ड होतं. "मुलगा चांगला वाटते, होकार कळवा" असा सल्ला तिसऱ्या राऊतांनी चौथ्या, न सापडलेल्या राऊतांच्या वतीनं देऊन टाकला. ती सोयरीक पुढे जमली का, हे काकाजींना आजही कळलेलं नाही. त्याची चुटपुट मात्र आहे.

खरा नाद लागला तो निवृत्तीनंतर, एका लग्नाच्या पंगतीत. घराण्यातली सगळ्यात जुनी आत्या शेजारी जेवायला बसली होती. वांग्याच्या भाजीत रोडगा कुस्करता कुस्करता ती म्हणाली, "तुह्या आज्याचं नाव पेपरात छापून आल्तं बरं." एवढं बोलून तिनं वाढप्याला हाक मारली, भाजी मागितली आणि विषय तिथेच राहिला. पेपर कोणता, साल कोणतं, कारण काय, हे विचारायला काकाजी पुढे तिच्या गावी गेले, तेव्हा आत्या हे असं काही आपण बोललो हेच विसरली होती.

घराण्यात मग तीन मतं निघाली. पुसदकडच्या भावकीचं म्हणणं, आजा जंगल सत्याग्रहात पकडला गेला. लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलै १९३० ला पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, त्यांच्यामागे जी माणसं विळे घेऊन गेली त्यांत आपला आजा होता. दिग्रसकडच्यांचं म्हणणं, गुरांच्या प्रदर्शनात आज्याच्या बैलजोडीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तिसरं मत मात्र आज्याच्या वावराला लागून ज्यांचं वावर होतं त्या चुलत शाखेचं. त्यांच्या मते म्हाताऱ्यानं रातोरात शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, कोरला होता आणि पेपरात आली ती कोर्टाची नोटीस.

"आपल्याले कोणतंही चालते," काकाजी सांगतात. "देशभक्त असो, नाईत धुरेचोर असो. छापलेलं पायजे."

आता पेपर कोणता? सत्याग्रहाची बातमी असेल तर 'लोकमत' पाहायला हवा. आज घरोघर येतो तो दैनिक 'लोकमत' नागपुरात १९७१ साली सुरू झाला, पण त्या नावाचं साप्ताहिक १९१८ मध्ये बापूजी अण्यांनी यवतमाळातूनच काढलं होतं. त्याआधीचा म्हणाल तर पृथ्वीगीर हरिगीर गोसावी यांचा 'हरिकिशोर'. नागपूरचा 'महाराष्ट्र', अमरावतीचा 'उदय', पुण्याचा 'केसरी'. यांतल्या कशातही आजा असू शकतो. काकाजींनी सुरुवात मात्र कुठून करावी? 'दर्पण'पासून. बाळशास्त्री जांभेकरांचं ते पत्र ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं, तेव्हा वऱ्हाड निजामाच्या ताब्यात होतं आणि काकाजींच्या आज्याचा आजाही बहुधा रांगत असेल. हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सुरुवातीपासून पायलं म्हणजे मंग मनात राहत नाई."

बापूजींनी लोकमान्यांवर संस्कृतात लिहिलेल्या 'तिलकयशोऽर्णव'चे तीन खंडही त्यांनी एका संस्कृतच्या शिक्षकांपुढे नेऊन ठेवले. यात कुठे राऊत आहे का, एवढंच पाहून द्या, अशी विनंती होती. त्या ग्रंथाला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. पुरस्कार देणाऱ्या परीक्षकांनीही तो या दृष्टीनं वाचला नसेल. शिक्षक हल्ली काकाजी दिसले की रस्ता ओलांडतात.

यवतमाळ जिल्ह्याची आणखी एक गंमत आहे. १९०५ पर्यंत या नावाचा जिल्हाच नव्हता; वणीच्या नावानं 'वूण' म्हणत. आधी हैदराबादची सत्ता, १८५३ पासून इंग्रजांचा कारभार, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडणी आणि राजधानी नागपूर, १९५६ ला मुंबई. आजा जन्मभर एकाच काळ्या वावरात कापूस वेचत राहिला आणि त्याच्या जिल्ह्याचे कागद मात्र हैदराबाद, नागपूर, मुंबई फिरत राहिले. इंग्रजी कागदांत पाहावं तर गाव 'येवतमाल' होतं आणि राऊताची चार तऱ्हेची स्पेलिंगं. काकाजी पोस्टातले असल्यामुळे त्यांना याचं काही वाटत नाही. याहून वाईट पत्ते त्यांनी वाटले आहेत.

खरी अडचण निराळीच निघाली, आणि ती सांगताना काकाजींचा आवाज खाली येतो. जुन्या कागदांत आणि पेपरांत राऊत फार कमी आहेत. आपल्याकडे खेड्यातल्या माणसाला त्या काळी आडनाव लागायचंच नाही. कोर्टाची नोटीस असो की लिलावाची, माणूस म्हणजे 'अमुक वल्द तमुक, जात अमुक, साकीन अमुक'. बाई असली तर 'जोजे', विधवा असली तर 'बेवा'. बाप, नवरा, जात, गाव, सगळं लिहिलेलं. राऊत तेवढा गाळलेला. यवतमाळच्या जुन्या साप्ताहिकाच्या एखाद्या अंकात दीड पानभर नोटिसा असतात, कारण त्या नोटिसांच्या पैशांवरच तो पेपर चाले. त्या दीड पानात वीस-पंचवीस वल्द निघतात. त्यातला कोण राऊत होता, हे त्याच्या वल्दाला ठाऊक.

"माह्या आज्यानं नाव छापून आणलं," काकाजी म्हणतात, "पण आडनाव सांगाले इसरला असन त?"

पेपरात हात लागेना तेव्हा काकाजी मासिकांकडे वळले. मासिकांचं वाचन त्यांनी उलट्या बाजूनं केलं आहे. 'मनोरंजन'चा १९०९ चा दिवाळी अंक मराठीतला पहिला म्हणून लोक हळवे होऊन पाहतात. काकाजी त्यात कथा-कविता सोडून जाहिराती वाचतात. जुन्या मासिकांत वर्गणीदारांची पोच, शब्दकोड्यांचे बक्षीसवाले, ग्रंथाचे आश्रयदाते अशा याद्या असायच्या. संशोधक ती पानं उलटतात, काकाजी तिथे मुक्कामाला थांबतात. कोणत्या मासिकात कोणाची कादंबरी क्रमशः आली हे त्यांना विचाराल तर सांगता यायचं नाही. त्याच मासिकाच्या मलपृष्ठावर केशवर्धक तेलानं गुण आल्याचं पत्र कोणत्या राऊतानं लिहिलं, हे गावासकट सांगतील. त्या राऊताच्या केसांबद्दल ते अजून साशंक आहेत.

मधल्या काळात पुतण्याच्या पोरानं त्यांना मोबाईलवर जुनी पुस्तकं शोधायला शिकवलं. आमच्या भागात नेटवरचं पान शकुंतलेच्या चालीनं उघडतं. (ज्यांनी तिच्यातून प्रवास केला नाही त्यांच्यासाठी : मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, नॅरोगेज, मधे उतरून, विडी ओढून, पुन्हा चढता येई असं जुने लोक सांगतात.) पण पान उघडलं की काकाजींचे डोळे लकाकतात. यंत्र जुना छापा वाचतं आणि 'राऊत' हुडकून देतं. अडचण एवढीच की त्याला जुना ज आणि ऊ यातला फरक नीट कळत नाही. त्यामुळे कुठल्याशा वर्णनातली देवी सिंहासनावर 'विराऊत' झालेली निघाली. काकाजींनी तीही टिपून घेतली. पुढे खोडली, पण पेन्सिलनं.

बखरी हाती लागल्या तेव्हा तर ते माझ्या घरी सकाळी सहालाच आले. बखरींत राऊत म्हणजे घोडेस्वार. तिथे राऊत हजारांनी येतात. काकाजींनी चष्मा वर सारून वाचून दाखवलं आणि म्हणाले, "दहा हजार! एका लढाईत आपले दहा हजार लोक!" मी म्हटलं, काकाजी, ते आडनाव नाही, ते घोड्यावरचे शिपाई. ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्यापाशी घोडेबी व्हते."

त्यांची वही पाहण्यासारखी आहे. पोस्टातून आणलेल्या लांबट रजिस्टराची, कापडी पुठ्ठ्याची. रकाने रुळानं आखलेले : नाव, गाव, पेपर, तारीख, कशापायी आला, आणि शेवटी 'आपला?'. शेवटच्या रकान्यात ठरावीक शब्द येतात. 'असू शकते.' 'वाटत नाई.' 'गाव जवळचं, चौकशी करणे.' एका हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीपुढे 'आपल्यात छत्री कोणी वापरत नसे' असा शेरा आहे. एका राऊतानं तालुक्याच्या डॉक्टरांचे जाहीर आभार मानले आहेत, त्यापुढे लिहिलंय, 'बरा झाला. आनंद वाटला.' आधी या वहीत जातीचाही रकाना होता. पण कुणब्यांत राऊत, माळ्यांत राऊत, बौद्धांत राऊत, गोवाऱ्यांत राऊत, आणि तिकडे वसई-पालघरच्या वाडवळांत तर गावंच्या गावं राऊत. बक्षिसाच्या यादीत जात छापत नाहीत. रकाना रिकामाच राहू लागला, तेव्हा जागा वाया जाते म्हणून काकाजी तिथे आता पानाचा नंबर टाकतात.

या सगळ्याला त्यांचे एकच कडवे टीकाकार आहेत, राठोड सर. निवृत्त मुख्याध्यापक, दत्त चौकातल्या चहाच्या टपरीवर रोजचे. ते म्हणतात, "काकाजी, पुसदच्या बाजारात उभं राहून राठोड म्हणून आवाज द्या. अर्धा बाजार मागं वळते. आमाले शोधा लागत नाई."

एकदा सरांनी बोलता बोलता एक गोष्ट काढली आणि ती काकाजींना महाग पडली. "आमचा एक राठोड अकरा वर्षं मुख्यमंत्री व्हता. रोज पेपरात. पण राठोड म्हणून एक दिवस तरी छापला का?" वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. कूळ राठोडांचं, घराकडे तांड्याचं नायकपण, म्हणून नाईक. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, इतका काळ सलग महाराष्ट्रात दुसरा मुख्यमंत्री टिकला नाही. पुढे १९९१ मध्ये पुतणे सुधाकरराव झाले, तेही नाईक.

काकाजींचा हातातला चहा तसाच राहिला. आज्याकडे काही वर्षं गावची पाटिलकी होती. म्हणजे तो पेपरात पाटील म्हणून छापला गेला असला तर? राऊत शोधत बसलो, आणि तो पाटील होऊन बोटाखालून निघून गेला असला तर? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळे गठ्ठे पुन्हा पहिल्यापासून काढले. आता पाटलांसाठी. वऱ्हाडातल्या पेपरात पाटील किती असतात याची ज्यांना कल्पना आहे, त्यांनी यावर हसू नये. राठोड सर आठवडाभर टपरीवर फिरकले नाहीत.

काकाजींना मोबाईल शिकवणारं ते पुतण्याचं पोरगं बारावी झालं आणि घरात व्हॅलिडिटीचा विषय निघाला. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढणं सोपं. तो पडताळून घेताना घराणं उलथंपालथं होतं. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, वडिलांकडच्या रक्तातल्या माणसाचा कागद लागतो. घरच्यांना वाटलं, काकाजींची एवढी वर्षांची मेहनत आता कामी येईल. काकाजींनाही तेच वाटलं. इस्त्रीचा सदरा घालून, कात्रणांच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन ते कार्यालयात गेले आणि टेबलावर ठेवला. साहेबांनी चार पानं पाहिली.

"हे तुमचे कोण?"

"थेच त शोधून राहिलो साहेब."

कागद शेवटी पोराच्या आईनं आणला. तहसिलीत जाऊन एका दुपारी कोतवाल बुकाची नक्कल काढली, गावच्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा घेतला, काम झालं. कोतवाल बुकात आज्याचं नाव होतं. वल्द होता, जात होती, मौजा होता, मुलगा झाल्याची तारीख होती. काकाजींनी ती नक्कल उजेडाला धरून वाचली आणि परत दिली. "आजा बरोबर हाये. पण यात पेपरचं काही नाई."

२०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि राज्यभरातल्या कचेऱ्या जुनी बाडं उलगडू लागल्या, मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना गाड्या पाठवून बोलावणी येऊ लागली. आजवर एकट्यानं जे केलं ते सरकार करतंय हे पाहून काकाजी सुखावतील असं मला वाटलं होतं. ते नाराज झाले. "घाईनं पायतेत," म्हणाले. "कामापुरतं पायतेत. नोंद भेटली का पान पलटवतेत. बाजूच्या माणसाचं काय झालं, कोणी वाचत नाई."

काकीजींचं मत या बाबतीत कधी कोणी विचारलं नाही. ते त्या आपणहून सांगतात. घरात पितळेचा एक जुना गुंड आहे. त्याच्या गळ्याखाली कासारानं ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलंय, आज्याचं, आणि पुढे चक्क 'राऊत'. अक्षरं झिजलीत, तरी चिंच लावून घासला की उमटतात. काकाजी गठ्ठे पसरून बसले की काकीजी तो गुंड त्यांच्या पुढ्यात आणून आदळतात. "अजी, तुमी आजा शोधून राहिले, आन् मी त्याले रोज घासून राहिली."

"थे कोरलेलं हाये," काकाजी मान वर न करता म्हणतात. "छापलेलं नाई."

राठोड सरांची अलीकडची थिअरी अशी की काकाजींना आजा कधीच सापडला आहे. वहीत एक पान मधोमध दुमडून टाचणी लावलेलं आहे, ते मीही पाहिलंय. सरांच्या मते ती धुऱ्याचीच नोटीस. मला तसं वाटत नाही. धुऱ्याची नोटीस सापडली असती तर काकाजींनी पेढे वाटले असते. टाचणीबद्दल त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी वही मिटली आणि यंदा कापसाला काय भाव निघन, यावर बोलू लागले.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून एक गृहस्थ आले. आडनाव शेवटी 'वार' असलेलं, तेलंगणाच्या सीमेकडून आलेल्या व्यापारी घराण्यांत असतं तसं, आणि तेही असं की उभ्या विदर्भात त्याची दोन-तीनच घरं निघतील. पणजोबांचं पांढरकवड्याला कापडाचं दुकान होतं म्हणे, यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. कुणीतरी काकाजींचं नाव सांगितलं होतं. काकाजींनी आडनाव ऐकलं, डोळे मिटले, उठून पलंगाखालून तिसरा गठ्ठा ओढला आणि मधलं एक पान काढून समोर धरलं. धोतरजोड्यांची जाहिरात. खाली पणजोबांचं पूर्ण नाव, दुकानाचं नाव, गाव, सगळं. राऊत शोधताना कधीतरी नजरेखालून गेलं होतं ते त्यांच्या डोक्यात पोस्टाच्या कप्प्यात ठेवल्यागत पडून होतं. गृहस्थांना बोलवेना. त्यांनी पानाचे फोटो काढले, काकाजींच्या पाया पडले, नको नको म्हणताना काकीजींच्या हातात संत्राबर्फीचा डबा ठेवला आणि गाडीत बसून गेले. आत काकीजी त्यांच्यासाठी चहा टाकत होत्या, तो उकळायचाच होता.

काकाजी फाटकाशी उभे राहून गाडी गेली त्या दिशेनं पाहत होते. मी म्हटलं, काकाजी, कमाल केली तुम्ही.

"कायची कमाल," ते म्हणाले. "एवढ्या लांबून बिचारा आला, आन् चहा व्हायच्या आत त्याचं संपलं. आता घरी जाऊन काय करन थो?"